प्रत्यारोपणानंतरची डोकेदुखी अंगावर काढू नका

भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. टाटाचे हे काम आता खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये चालते. करावे गावातून सीवूड्स स्थानक गाठले, की खारघर पुढचे दुसरेच स्थानक. अंतर एवढे कमी. तरीही घरी आलेला रुग्ण ‘डोकं जड झालंय’ म्हणाला, की घरचे म्हणतात, ‘अशक्तपणा असेल, झोप जरा.’

इथेच चूक होते.

दुसऱ्याच्या मूळपेशी शरीरात आल्या, की त्या रुग्णाच्याच अवयवांवर उलटू शकतात. त्यांना आवरण्यासाठी सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस देतात. ही औषधे टाळता येत नाहीत, पण त्यांनी रक्तदाब वाढतो, मॅग्नेशियम घटते आणि काही रुग्णांच्या मेंदूच्या मागच्या भागाला सूज येते. नजरेचे केंद्र तिथेच असल्याने डोकेदुखीबरोबर धूसर दिसू लागते, माणूस गोंधळतो, मग झटका येतो. वेळीच एमआरआय करून रक्तदाब उतरवला आणि औषध कमी केले किंवा बदलले, तर ही सूज बहुतेकदा पूर्ण ओसरते. मात्र गोळी घरच्या घरी बंद करायची नाही. पेशी उलटण्याचा धोका तसाच असतो.

दुसरे लक्षण अधिक फसवे. प्रत्यारोपणानंतर काही आठवड्यांनी रुग्ण सकाळी काय खाल्ले तेच विसरतो, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. जुने सगळे नीट आठवते, म्हणून कुणाला शंका येत नाही. लहानपणी जवळपास प्रत्येकाच्या शरीरात शिरून निपचित पडलेला नागिणीच्या कुळातला एक विषाणू, एचएचव्ही-६, प्रतिकारशक्ती नसल्याचे पाहून स्मृतीच्या केंद्रावर हल्ला करतो. पाठीच्या कण्यातले पाणी तपासून निदान होते. विषाणूविरोधी औषध जितके लवकर, तितके बरे.

घरात रक्तदाबाचे यंत्र हवेच. बुरशीवरच्या काही गोळ्यांनी सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी वाढते, म्हणून जवळच्या दवाखान्यातून नवे औषध घेण्याआधी प्रत्यारोपण विभागाला फोन करावा. काढे-चूर्णांनाही हाच नियम. पातळी तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची. आधी घेतली तर आकडा फुगलेला येतो. आणि झटका, बरळणे किंवा अंधारी आली, तर सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता त्याच रात्री निघायचे.