कॅराबिनरचा भरवसा किलोन्यूटनवर ठरत नाही

पावसाळा जवळ आला की धबधब्यांवरच्या रॅपलिंगची तयारी आणि रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी एकदमच सुरू होते. दोन्हीकडे खरेदीच्या वेळी एकच सल्ला ऐकू येतो: ‘२४ किलोन्यूटनचा लॉकिंग कॅराबिनर घे आणि बिनधास्त लटक.’ जाणती माणसंही हेच सांगतात, तेव्हा मात्र राग येतो.

गैरसमज : किलोन्यूटनचा आकडा जितका मोठा, तितका कॅराबिनर भरवशाचा.

वस्तुस्थिती : प्रस्तरारोहणाचा कॅराबिनर हातात घेऊन त्याच्या कण्यावरची अक्षरं वाचा. तिथे आकडा एक नसतो, तीन असतात. २४ हा आकडा खरा, पण गेट (उघडणारी दांडी) बंद असताना आणि ओढ कण्याच्या लांबीत असतानाच. ओढ आडवी आली किंवा गेट उघडं राहिलं, की तोच कॅराबिनर सात-आठ किलोन्यूटनवर येतो. युरोपच्या ईएन १२२७५ या मानकात नासपतीच्या आकाराच्या ‘एच’ कॅराबिनरसाठी किमान ताकद अशीच दिली आहे : लांबीत २०, आडवी ७, गेट उघडं असताना ६. दुकानदार सांगतो तो फक्त पहिला आकडा.

सात किलोन्यूटन म्हणजे साधारण ७०० किलो. ऐकायला भरपूर वाटतं. पण डायनॅमिक रोपच्या मानक चाचणीत पडणाऱ्या वजनावर १२ किलोन्यूटनपर्यंतचा झटका मान्य आहे. प्रत्यक्षातले झटके सहसा बरेच कमी असतात. तरी सर्वांत वरच्या कॅराबिनरवर पडणाऱ्याची आणि बिले देणाऱ्याची (खालून दोर सांभाळणाऱ्याची), अशी दोघांची ओढ एकत्र येते. म्हणून २० घ्यावा की २४, हा वाद निरर्थक आहे. २४ चा ७ होणार नाही ना, याचीच काळजी घ्यायची.

तो ७ कसा होतो? हार्नेसच्या बिले लूपवर कॅराबिनर फिरून आडवा होतो. कातळाच्या धारेवर मधोमध टेकतो. झाडावर फांदी गेटवर दाबली जाते. चालता दोर लॉकच्या स्लीव्हला घासतो आणि नुसतं फिरवून उघडणारं साधं ट्विस्ट-लॉक सुटतं. स्क्रूगेट माणसाने आठवणीने फिरवावं लागतं, आणि सततच्या हादऱ्यांनी ते सैल होऊ शकतं. म्हणूनच झाडांवर काम करणाऱ्यांसाठीच्या अमेरिकी ‘आन्सी झेड१३३’ मानकात चढाईच्या कॅराबिनरचं गेट आपोआप बंद आणि लॉक झालं पाहिजे, आणि उघडण्याआधी किमान दोन वेगळ्या, हेतुपुरस्सर कृती कराव्या लागल्या पाहिजेत, अशी अट आहे.

तेव्हा निवड कामावरून करा. एकदा लावून तसाच ठेवायच्या अँकरला स्क्रूगेट उत्तम. बिलेसाठी लूपवर न फिरणारा, आतून आडवी तार असलेला घ्या. झाडावर ट्रिपल-लॉक (तीन कृतींनी उघडणारा) घ्या. पण त्याच्या स्लीव्हमध्ये माती, भुसा, चीक गेला की तोही अर्धवट अडकतो. ‘खट्’ आवाज आला यावर विसंबू नका. दर वेळी गेट अंगठ्याने दाबून बघा.

आता बाकीचे गैरसमज.

‘एकदा पडला की आत न दिसणाऱ्या चिरा जातात.’ पाडलेल्या कॅराबिनरांच्या ताकद-चाचण्यांतून या भीतीला आधार मिळालेला नाही. मात्र पोचा आला, गेट नीट मिटेना किंवा तो कड्यावरून खाली गेला, तर बाद करा.

‘स्टील केव्हाही चांगलं.’ वायर रोप आणि रिगिंगला हो, कारण ते कमी झिजतं. सुळक्यावर मात्र ते नुसतं ओझं.

‘बोल्टला लावलेला कॅराबिनर दोरालाही चालतो.’ बोल्टच्या हँगरने पाडलेल्या खाचा दोराला कापतात. दोन्ही वेगळे ठेवा.

‘दिसायला सारखा आहे, मग चालेल.’ किल्ल्या अडकवायचा कॅराबिनर माणसासाठी नसतोच.

दुकानात पहिला प्रश्न किलोन्यूटनचा विचारू नका. ओढ कुठून येणार, गेटला काय घासणार, हातमोजे घालून लॉक उघडता येतं का, हे विचारा. आणि सीई खुणेसोबत ईएन १२२७५ किंवा कामगारांसाठीचं ईएन ३६२ कोरलेलं नसेल, तर स्वस्त मिळाला म्हणून त्यावर कुणाचाही जीव टांगू नका.