मे महिन्यातली हुडहुडी

मुखेडचा मे महिना. पारा चाळिशीच्या पुढे, माळावर झळा, घरावरच्या पत्र्याला हात लावायची सोय नाही. अशा दुपारी तापानं फणफणलेलं लेकरू कुडकुडत म्हणतं, "माय, थंडी वाजायली, वाकळ दे."

बाहेर ४१ अंश, अंगात ३९, आणि लेकराला थंडी! मला या थंडीचं नवल अजून सरलेलं नाही, कारण ती अगदी खरी असते.

अंग किती गरम ठेवायचं हे मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस ठरवतो. एरवी त्यानं काटा ३७ अंशांच्या आसपास धरलेला असतो. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी रक्तातून निरोप धाडतात. त्या निरोपावरून मेंदूत प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं द्रव्य तयार होतं आणि काटा ३९ वर सरकतो. झालं! आता ३७ अंशांचं अंग मेंदूच्या लेखी गारठलेलं. ऊब साठवायला कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त आत वळतं. कपाळाला चटका बसतो आणि तळपाय मात्र गार लागतात, हे प्रत्येक आईच्या हाताला ठाऊक असलेलं कोडं इथं सुटतं. तेवढ्यानं भागलं नाही तर स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. तीच हुडहुडी. काटा पुन्हा खाली आला की घाम फुटतो आणि घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

एवढा खटाटोप कशासाठी? १९७०च्या दशकात अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना जातीच्या सरड्यांवर प्रयोग केले. सरड्याला मुबलक ऊब अंगात तयार करता येत नाही, ती बाहेरून मिळवावी लागते. जंतू टोचल्यावर हे सरडे आपणहून जास्त उबदार जागी जाऊन बसले. ज्यांना थंड जागेत ठेवलं, त्यांत मरणारे जास्त निघाले. ताप ही जंतूंशी लढायची फार जुनी रीत आहे. म्हणून ३८.५ ताप असूनही खेळणारं, पाणी पिणारं लेकरू पाहून घाबरू नका, असं मी मनापासून सांगेन.

आता दुसरं लेकरू बघा. दुपारभर उन्हात हुंदडलेलं, किंवा पत्र्याखाली झोपलेलं. थर्मामीटरवर आकडा तोच, कदाचित ४० च्याही वर. पण याचा काटा ३७ वरच आहे! मेंदू जिवाच्या आकांतानं अंग थंड करू पाहतोय आणि ते त्याला जमत नाही. कातडी साधारण ३५ अंशांची असते. हवा त्याहून तापली की उष्णता बाहेर जाण्याऐवजी आत येऊ लागते. उरते एकच वाट, घाम वाळण्याची.

या वाटेची ताकद १७७४ साली लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी स्वतःच्या अंगावर अनुभवली. कोरड्या हवेची खोली १२० अंश सेल्सियसच्या वर तापवलेली. त्या हवेत अंडी आणि मांस शिजलं, आणि ब्लॅग्डेन काही मिनिटं थांबून धडधाकट बाहेर आले! एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. मराठवाड्याची कोरडी हवा घाम झरझर वाळवते, पण त्यामुळेच तो दिसत नाही आणि अंगातलं पाणी किती गेलं ते कळत नाही. लघवी कमी आणि गडद होते, तीच खूण. शिवाय लेकरांना वजनाच्या मानानं कातडी जास्त आणि घाम कमी, त्यामुळे ऊन त्यांना लवकर गाठतं.

पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिन बनणं रोखतं आणि वर गेलेला काटा खाली आणतं. उष्माघातात काटा वर गेलेलाच नसतो, मग ते उतरवणार काय? बाकीचे उपायही उलटे. तापाच्या लेकराला गार पाण्यानं पुसलं तर हुडहुडी वाढते. उष्माघातात मात्र क्षण न दवडता सावलीत न्यायचं, कपडे उतरवायचे, अंग भिजवून वारा घालायचा, काखेत, जांघेत, मानेला बर्फ लावायचा आणि १०८ ला फोन करायचा. लेकरू बरळत असेल किंवा शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

आपल्या भागात दोन्ही संकटं एकाच घरात येतात. माळवदाचं जाड मातीचं छत ऊन आत येऊ देत नसे. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात तीच जड छतं माणसांवर कोसळली आणि माळवदाची धास्ती बसली. पत्र्याखाली ती धास्ती नाही, पण ऊन आहे. तिथं तापलेल्या लेकराला वाकळीत गुंडाळलं तर अंग ठरल्या काट्याच्याही पुढे तापू शकतं. हुडहुडी असेपर्यंत पातळ चादर पुरे. ती थांबली की चादरही काढायची आणि लेकरू लिंबाच्या सावलीत न्यायचं. पाणी, ताक थोडं थोडं पाजत राहायचं.

सहा महिन्यांखालच्या बाळाला मे महिन्यातही वरचं पाणी लागत नाही. आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं, ते वारंवार पाजावं. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश ताप दिसला तर ऊन की जंतू हा विचार घरी करत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा. त्या वयात काटा अजून नीट बसलेला नसतो. गंभीर जंतुसंसर्गात तान्ह्याचं अंग कधी तापतं, तर कधी उलट गार पडतं.