रक्ताच्या वाटेनं मेंदूपर्यंत

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. दुसऱ्याच दिवशी, २ जुलैला, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात सिकलसेलच्या १३० मुलांवरचा एक अमेरिकी अभ्यास छापून आला. दोन्ही तारखा शेजारी पडल्या हा निव्वळ योगायोग. तरी त्या अभ्यासाशी या जिल्ह्याइतकं जवळचं नातं असलेले जिल्हे देशात मोजकेच सापडतील.

सिकलसेल हा रक्ताचा आजार. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुण्याचे डॉ. एस. एल. काटे यांनी राज्यातल्या आदिवासी पाड्यांवर वर्षानुवर्षं रक्ततपासण्या केल्या. नंदुरबारच्या सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा आणि इतरत्रच्या माडिया, परधान या जमातींत २० ते ३५ टक्के लोक या दोषाचे वाहक असल्याचं त्यांच्या २००२ सालच्या लेखात नोंदलं आहे. वाहकाला सहसा त्रास होत नाही. पण आईबाप दोघंही वाहक असले, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. अशा मुलाचे सांधे ठणकतात, अंगात रक्त टिकत नाही, हे घरच्यांना ठाऊक असतं. त्याच पेशी मेंदूची वाट अडवतात आणि लहान वयात लकवा मारू शकतो, याची कल्पना मात्र फार थोड्यांना असते.

मेंदूचं चित्र काढण्याच्या शंभर वर्षांच्या खटाटोपातही रक्त सतत मध्ये येतं. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे रक्त जास्त धावतं, असं रॉय आणि शेरिंग्टन यांनी १८९० मध्येच मांडलं होतं. १९२७ मध्ये लिस्बनच्या इगास मोनिझ यांनी मानेतल्या धमनीत द्रव सोडून एक्स-रेवर मेंदूच्या रक्तवाहिन्या उमटवल्या. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या एका रुग्णालयात हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रानं पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. कवटी न उघडता आत पाहता येऊ लागलं. पुढे पेट स्कॅन आला. रक्तातून सोडलेली किरणोत्सारी साखर मेंदूत कुठं खर्च होते, ते त्यात दिसतं. देशातलं पहिलं पेट यंत्र २००२ मध्ये मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं.

सगळ्यात नवलाची गोष्ट फंक्शनल एमआरआयची. १९३६ मध्ये लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोर्येल यांना आढळलं, की ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जातं आणि ऑक्सिजन भरलेलं ओढलं जात नाही. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी हाच फरक एमआरआयमध्ये टिपला. दोन वर्षांत माणसाचा मेंदू बघताना, हात हलवताना कुठं जागा होतो याचे नकाशे निघू लागले. म्हणजे त्या रंगीत चित्रांत विचार दिसत नाहीत, हिमोग्लोबिन दिसतं. याच पॉलिंग यांनी सहकाऱ्यांसह १९४९ मध्ये दाखवून दिलं, की सिकलसेलचं मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या बिघाडात आहे. ज्या रेणूनं शास्त्रज्ञांना मेंदूचं काम दाखवलं, तोच बिघडला की सातपुड्यातल्या मुलाचा मेंदू उपाशी राहतो.

आता १९९८ च्या त्या अभ्यासाकडे वळू. त्यात वापरलेलं साधन ना सीटी, ना एमआरआय. ते होतं ट्रान्सक्रेनियल डॉप्लर, म्हणजे सोनोग्राफीचाच एक प्रकार. १९८२ मध्ये रून आस्लिड यांनी तो मेंदूसाठी वापरात आणला. कानशिलाजवळ हाड पातळ असतं. तिथं प्रोब टेकवून आतल्या धमनीतल्या रक्ताचा वेग मोजायचा. पाटाची चारी जिथं अरुंद होते तिथं पाणी जोरात धावतं; इथंही तसंच. सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वेग भरला, तर लकव्याचा धोका मोठा. अशा मुलांना नियमित रक्त दिल्यावर तो धोका ९२ टक्क्यांनी घटला. २०१६ च्या दुसऱ्या एका अभ्यासात, वर्षभर रक्त घेतलेल्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या फारशा न बिघडलेल्या मुलांना पुढे हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांवर आणता येतं, असं दिसलं. आज अमेरिकेतले तज्ज्ञ सिकलसेलच्या रुग्णांना वयाच्या २ ते १६ वर्षांपर्यंत दरवर्षी ही तपासणी सुचवतात.

भारतातल्या सिकलसेलचा अरब-भारतीय प्रकार आफ्रिकी प्रकारांपेक्षा सहसा सौम्य असतो, हे खरं. अशा रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त उरतं. पण सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. शिवाय मेंदूतली काही इजा मुकी असते. हातपाय चालतात, मूल शाळेत जातं, पण धडा डोक्यात राहत नाही. ती इजा एमआरआयशिवाय दिसत नाही. मास्तर म्हणतात, पोराचं लक्ष नाही.

१ जुलै २०२३ रोजी, नंदुरबार जिल्हा पंचवीस वर्षांचा झाला त्याच दिवशी, मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची रक्ततपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचं उद्दिष्ट. नंदुरबारला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून रुग्णाला आजही झोळीत घालून सडकेपर्यंत आणावं लागतं. नर्मदाकाठच्या गावांना बोटीतल्या दवाखान्याची वाट पाहावी लागते. तिथं एमआरआय पोचायला काळ लागेल. डॉप्लर मात्र बॅगेत मावतो. त्याला किरणांचा धोका नाही, भूल लागत नाही. लागतो तो शिकलेला हात आणि सुमारे अर्धा तास.

रक्त तपासून हातात सिकलसेलचं कार्ड देणं ही पहिली पायरी. सिकलसेलचा रुग्ण ठरलेल्या प्रत्येक मुलाच्या कानशिलाला वर्षातून एकदा तो प्रोब टेकला, तरच मेंदूच्या चित्रांचा हा शंभर वर्षांचा प्रवास सातपुड्यापर्यंत पोचला असं म्हणता येईल.