दणका कोठे जातो?

मोटारीचे चाक खड्ड्यात गेले की बसलेला दणका नेमका कोठे जातो? हा प्रश्न वरवर पाहता गॅरेजातला आहे. पण आमचा जन्म कामगारांच्या चौकशांत गेला, आणि आमच्या लेखी तो दोष कोणाचा या प्रश्नाशी जोडलेला आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या दाराशी पुष्कळ झाले; तेव्हा भाषा मिस्त्रींची आली तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

काटोलातल्या चार तरुण मिस्त्रींनी भंगारातल्या नळ्या आणि एक जुने इंजिन जमवून दोघांपुरती उघडी, बुटकी, शर्यतीच्या धाटणीची गाडी बांधली. नोंदणीवाचून ती सडकेवर नेता येत नव्हती. म्हणून संत्र्याची जुनी झाडे काढून पडीक टाकलेल्या एका वावरात ती पळे. वळणावर ती फार कलते, म्हणून पोरांनी चौपट कडक स्प्रिंगा बसवल्या. दुसऱ्याच दिवशी पुढच्या चाकाजवळचे ब्रॅकेट फाटले, चाक आत दुमडले आणि चालवणाऱ्याचे मनगट मोडले. सारे एकमुखाने म्हणाले, "वेल्डिंग कच्चे होते." वेल्डर त्यांच्यातलाच, वयाने सर्वांत लहान. तो आठ दिवस कोणाला तोंड दाखवीना.

आता यंत्राकडे पाहू. चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये तीन कामकरी असतात. पहिली स्प्रिंग. ती दणका झेलून साठवते. पण साठवलेले तिला परत द्यावेच लागते, म्हणून नुसत्या स्प्रिंगेवर गाडी झोपाळ्यासारखी हेलकावत राहते. दुसरा शॉकअप. त्यातले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि हेलकाव्याची शक्ती उष्णता होऊन विरते. तिसरी दांड्यांची जोडणी, म्हणजे दांडे, त्यांचे रबरी बुश आणि त्यांना सांगाड्याशी धरणारी ब्रॅकेटे. चाकाने वरखाली जावे, पण मागेपुढे भरकटू नये, ही जबाबदारी हिची.

या तिघांचा हिशेब एकमेकांत गुंतलेला आहे. वजन तेच ठेवून स्प्रिंग चौपट कडक केली, तर हेलकाव्याचा वेग दुप्पट होतो. तो पूर्वीच्याच प्रमाणात आवरायचा तर शॉकअपचा अटकावही दुप्पट लागतो. पोरांनी शॉकअप जुनेच ठेवले. शिवाय खड्ड्यात चाक पूर्वीइतकेच उचलले गेले, तरी स्प्रिंगेचा वाढीव जोर आता चौपट. तो सारा ब्रॅकेटवर येतो, आणि ब्रॅकेट तर जुन्या भाराच्या मापाने कापलेले! म्हणजे कडक केलेला भाग दणका नाहीसा करीत नाही, तो शेजाऱ्याकडे पाठवतो. फाटले ते वेल्डिंगजवळ हे खरे. परंतु चूक स्प्रिंग निवडताना झाली होती, आणि स्प्रिंग चौघांनी मिळून निवडली होती.

कडकपणा वाढवणे हाच एक मार्ग नव्हे. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली स्वतःच्या कल्पनेने छोटी मोटार तयार केली. तीच पुढे 'मीरा' म्हणून ओळखली गेली. तिच्या नंतरच्या नमुन्यात त्यांनी रबराचे सस्पेन्शन योजले. रबर दणका झेलते, त्यातला काही अंश स्वतःच जिरवते, आणि सुटे भागही कमी लागतात. इंग्लंडात १९५९ च्या 'मिनी' मोटारीला ॲलेक्स मोल्टन यांनी रबराचेच शंकू दिले होते. 'मीरा' मोठ्या संख्येने कधी निघाली नाही. तरी तिच्यापासून एक गोष्ट घेण्यासारखी आहे: एका भागाचा विचार करताना शेजारचे भाग डोळ्यांपुढून हलू देऊ नयेत.

म्हणून सुधारणेचा क्रम असा असावा. आधी टायरची हवा आणि झिजलेले बुश पाहावेत. पुष्कळदा दुखणे तिथेच असते. मग शॉकअप पाहावेत. स्प्रिंग बदलायची तर थोडी बदलावी आणि तिच्या जोडीला शॉकअप व ब्रॅकेट यांचाही हिशेब करावा. गाडी खाली बसवली असेल तर चाकांचे अलाइनमेंट पुन्हा करावे, आणि चाक पूर्ण वरखाली होताना ब्रेकचा रबरी पाइप ताणत तर नाही ना, हे हाताने तपासावे. एका वेळी एकच बदल करून वहीत लिहून ठेवावा.

अपघाताच्या चौकशीत शेवटचा हात कोणाचा होता, हे विचारणे सोपे असते. त्या हातापर्यंत भार कोणी आणि कसा पोचवला, हे विचारायला वेळ लागतो, आणि तो वेळ मागणे हेच आमच्या संघटनेचे निम्मे काम आहे. पोरांना आम्ही एवढेच सांगितले. दुसऱ्या दिवशी ज्याचे मनगट मोडले होते, तोच प्लास्टर बांधलेल्या हाताने त्या वेल्डरच्या घरी गेला आणि त्याला कामावर घेऊन आला. नवे ब्रॅकेट त्यानेच जोडले. या खेपेला माप मात्र चौघांनी घेतले.