प्रात्यक्षिकाच्या टेबलापाशी सुटणाऱ्या शंका

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण बहुतेक वेळा ‘विषय जड जातो’ एवढ्याच शब्दांत सांगितली जाते आणि त्यामुळे ‘आणखी अभ्यास कर’ यापलीकडचा उपायही त्याला क्वचितच सुचवला जातो. वस्तुतः या अडचणीचा मोठा भाग मदत कोणाकडे मागावी आणि मागण्याजोगी शंका कशी तयार करावी, याच्याशी निगडित आहे. बारावी आणि प्रवेश परीक्षांच्या तयारीत चार पर्यायांतून एक निवडण्याची, सूत्रात आकडे घालून उत्तर काढण्याची सवय लागलेली असते. पदवीच्या वर्गात मात्र तेच सूत्र कोठून आले आणि कोणत्या गृहीतकांवर उभे आहे, हे पायरीपायरीने लिहून दाखवावे लागते. यामिकीत, म्हणजे बल आणि गती यांच्या अभ्यासात, डिफरन्शियल इक्वेशन लवकरच येते. ज्या समीकरणात अज्ञात राशीबरोबर तिच्या बदलाचा दरही असतो, ते हे समीकरण. गणिताच्या तासाला त्याची रीतसर ओळख होण्यापूर्वीच ते सोडवण्याची वेळ आली, तर अडलेले असते गणित आणि विद्यार्थ्याची समजूत होते की भौतिकशास्त्रच आपल्या आवाक्याबाहेरचे आहे.

महाराष्ट्रात या अडचणीला भाषेचीही बाजू आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी अकरावीत विज्ञान शाखेत इंग्रजी पाठ्यपुस्तकांपाशी येतो आणि पदवीच्या वर्गात भरलेल्या बाकांसमोर इंग्रजीत शंका विचारण्याचा प्रसंग आला की गप्प बसणे पसंत करतो. ही शांतता म्हणजे विषय समजल्याची खूण आहे असे शिकवणाऱ्याने धरले, तर पुढचा धडा सुरू होतो आणि शंका वहीतच राहते.

अशी शंका तोंडावर येण्याची सर्वांत अनुकूल जागा म्हणजे प्रात्यक्षिकाचा तास होय, आणि या तासाचे हे मोल अजून पुरेसे ओळखले गेलेले नाही. तेथे वर्गाच्या छोट्या तुकड्या केलेल्या असतात, प्राध्यापक एका टेबलाकडून दुसऱ्याकडे फिरत असतात आणि मराठीत बोलण्याचा संकोच उरत नाही. उदाहरणार्थ, फ्लायव्हीलचा प्रयोग घ्यावा. भिंतीलगत बसवलेल्या जड चाकाच्या आसाभोवती दोरी गुंडाळून तिच्या टोकाला वजन लावतात. वजन खाली येताना चाक फिरू लागते, दोरी सुटल्यावर ते घर्षणाने थांबेपर्यंतचे फेरे आणि वेळ मोजतात आणि त्यावरून चाकाचा ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’, म्हणजे फिरण्यात बदल होण्याला वस्तू करीत असलेला विरोध, काढतात. यामागचे गणित मांडताना विद्यार्थी दोरीतील ताण हा टांगलेल्या वजनाइतकाच असतो असे सर्रास धरून चालतात. फळ्यावर ही चूक दुरुस्त केली तर ती वहीत दुरुस्त होते. टेबलापाशी मात्र प्राध्यापकांना एवढेच विचारता येते की दोन्ही बले सारखी असतील, तर खाली येणाऱ्या वजनाचा वेग वाढतो कसा? विद्यार्थी वजन पुन्हा सोडून पाहतो, केवळ त्या वजनावर लागणारी बले दाखवणारी आकृती काढतो, आणि वेग खालच्या दिशेने वाढत असेल तर ताण वजनापेक्षा कमीच असला पाहिजे, या निष्कर्षावर स्वतः पोहोचतो. उत्तर न सांगता पुढचा प्रश्न विचारणे हीच येथे मदत असते, आणि ती देण्यासाठी विद्यार्थ्याचा स्वतःचा प्रयत्न, तो चुकलेला का असेना, समोर असावा लागतो. कोरी वही पुढे करून ‘काहीच कळले नाही’ असे सांगणाऱ्याला मदत करणे अनुभवी शिक्षकालाही कठीण जाते. ‘येथपर्यंत आलो, या ओळीनंतर अडलो’ असे सांगणाऱ्याचे काम अनेकदा थोडक्यात होते. प्रयोगशाळेतील परिचरांनाही विसरता कामा नये. दोरी आसावर कशी गुंडाळावी म्हणजे ती वेळेवर सुटेल, हे ज्ञान बहुधा त्यांच्याच हातात असते. जर्नल पूर्ण करून सही मिळवण्याची घाई या सगळ्यावर पाणी फिरवते, कारण मागील वर्षाच्या जर्नलमधून उतरवलेल्या आकड्यांना कोणतीही शंका पडत नाही.

तासाबाहेर प्राध्यापक भेटणे हे त्यांच्या नेमणुकीवरही अवलंबून असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने पूर्णवेळ प्राध्यापकाने दिवसातून किमान ५ तास महाविद्यालयात उपलब्ध असावे असे म्हटले. परंतु अनेक महाविद्यालयांत शिकवण्याचा मोठा भार तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर आहे आणि त्यांना मानधन घेतलेल्या तासांपुरतेच मिळत असल्याने एक तास संपवून दुसऱ्या महाविद्यालयाची बस गाठणे त्यांना भाग पडते. त्यांच्याकडून शंकानिरसनाची अपेक्षा करणे आणि त्या वेळेचा मोबदला न देणे हा सरळ अन्याय आहे.

सोबत्यांची मदत याहून सहज मिळते, पण तिची रीत महत्त्वाची आहे. यूरी ट्रीझमन यांनी १९७० च्या दशकात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात कॅल्क्युलस शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे निरीक्षण केले, तेव्हा कष्टाळू असूनही मागे पडणारे अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थी एकटेच अभ्यास करीत असल्याचे, तर यशस्वी होणारे चिनी वंशाचे विद्यार्थी आधी स्वतः उदाहरणे सोडवून मग एकत्र बसून ती पडताळत असल्याचे त्यांना आढळले. यातील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे: आधी स्वतः, मग एकत्र. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, भौतिकशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासक्रमांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या पाहणीतही, केवळ व्याख्यान असलेल्या वर्गांपेक्षा विद्यार्थी परस्परांशी आणि शिक्षकांशी चर्चा करतात अशा वर्गांत संकल्पनांची समज सरासरीने सुमारे दुप्पट सुधारल्याचे दिसले.

पुस्तके आणि ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने यांची आज वानवा नाही. आय.आय.टी. आणि भारतीय विज्ञान संस्था यांचा एन.पी.टी.ई.एल. हा उपक्रम, येल विद्यापीठातील आर. शंकर यांची व्याख्याने आणि फाइनमन यांच्या व्याख्यानांचे तीनही खंड विनामूल्य उपलब्ध आहेत. मात्र व्याख्यान ऐकताना वाटणारी समज उदाहरण सोडवताना टिकतेच असे नाही. म्हणून हॅलिडे-रेसनिकसारख्या पुस्तकातील प्रश्न वही-पेन्सिल घेऊन सोडवण्याला पर्याय नाही. ज्यांना अधिक खोलात जायचे आहे, त्यांच्यासाठी मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ पासून पदवी विद्यार्थ्यांकरिता ‘एन.आय.यू.एस.’ हा उपक्रम चालवला. अशा उपक्रमांची माहिती जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या महाविद्यालयांत पोहोचवणे विभागप्रमुखांच्या हाती आहे.

अडचण विषयापुरती न राहता झोप उडाली, वर्गात जाणेच टळू लागले, तर तिचे निराकरण शंकेच्या तासात होणार नाही. अशा वेळी घरचे माणूस, विश्वासातले प्राध्यापक किंवा केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा यांच्याशी विनाविलंब बोलावे; तेथे मराठीतही बोलता येते.

महाविद्यालयांनी यातून एक काम तरी येत्या सत्रापासून हाती घ्यावे: पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात आठवड्यातून एक शंकानिरसनाचा तास प्राध्यापकाच्या नावासह आणि खोलीच्या क्रमांकासह छापावा, तेथे मराठीत विचारण्याची मुभा स्पष्टपणे द्यावी, आणि तो तास घेणारे प्राध्यापक तासिका तत्त्वावरील असतील तर त्यांना त्याचे मानधन द्यावे.