भेदरलेलं पिल्लू माणसाळताना

सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते. मंगरूळपीर रस्त्याला कुटाराच्या ढिगाआड एक पाचेक महिन्यांचं पिल्लू सापडलं. कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळू, म्हणून मी ते वाशिमला घरी आणलं. आल्या आल्या ते दिवाणाखाली शिरलं आणि भिंतीला चिकटून बसलं. पुढे सरकवलेल्या ताटलीकडे त्यानं पाहिलंही नाही. पहाटे उठून बघते तर ताटली चाटूनपुसून स्वच्छ आणि माठाजवळ ओल्या पावलांचे ठसे. आम्ही निजल्यावर ते सगळं घर हुंगून आलं होतं.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अवं बाई, दोन रोज उपाशी ठेव त्याले. मंग पाह्यजो कसं येते पायापाशी."

हा सल्ला मनापासूनचा असतो, पण तो चुकीचा आहे. उपासानं भूक वाढते, भीती तशीच राहते. भुकेलं पिल्लू जवळ येईल, घास उचलेल आणि पळेल. त्या दोन क्षणांत त्याचं अंग ताठलेलंच असेल. आपल्याला हवं आहे ते वेगळंच: माणूस दिसला की काहीतरी चांगलं होतं, ही खूणगाठ त्याच्या मनात बसायला हवी. म्हणून जेवण दोन्ही वेळा, ठरल्या वेळी, पोटभर द्यायचं. शिवाय मी रोज संध्याकाळी दिवाणापासून सहा-सात फुटांवर, त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचे आणि उकडलेल्या अंड्याचे तुकडे त्याच्या दिशेनं टाकायचे. ते थोडं पुढे आलं की पुढचा तुकडा मुद्दाम त्याच्या मागे टाकायचा. हे आधी विचित्र वाटतं. पण खाण्यासाठी त्याला माझ्यापासून लांब जायला मिळालं की त्याचा जीव मोकळा होतो आणि पुन्हा पुढे यायचं की नाही, हे त्याचं ते ठरवतं. नवव्या दिवशी त्यानं माझ्या पाठीला नाक लावलं. मी हलले नाही.

"याला कोणीतरी फार मारलं असणार," असंही सगळे म्हणतात. कधी ते खरं असतं, पण भित्रेपणाला मार पडायलाच हवा असं नाही. आपल्या जिल्ह्यातलं कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. घरोघरी दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री पायाशी उभी असतात. त्यामुळे कुत्रं जन्मतःच माणसाळलेलं असतं, असं आपण धरूनच चालतो. प्रत्यक्षात प्रत्येक पिल्लाला माणूस नव्यानं ओळखावा लागतो. त्याचा मुख्य काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो. अमेरिकेत 1961 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्लं 14 आठवडे माणसाच्या सहवासाशिवाय वाढवली गेली. त्यांना कोणी मारलं नव्हतं, तरी ती पुढे माणसाला विलक्षण बुजत राहिली. शेताच्या धुऱ्यावर जन्मलेल्या पिल्लाचं असंच होऊ शकतं. म्हणजे वेळ गेली का? नाही. तो काळ उलटल्यावरही कुत्रं शिकतं, फक्त हळू शिकतं. आठवडे लागतात, काहींना महिने.

सर्वांत जास्त नुकसान करणारा समज म्हणजे "गर्दीत न्या, भीड चेपेल." पिल्लाला दोरी बांधून भर बाजाराच्या वेळी पाटणी चौकात उभं केलं तर ते थोड्या वेळानं गप्प होईल. लोकांना वाटतं, सवय झाली. पण शेपूट पायात, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, तोंडात काही नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभया: अशा खुणा असतील, तर ते हरून गप्प झालेलं असतं. आम्ही उलट केलं. पहाटे रिकाम्या गल्लीत, लांबून एक दूधवाला दिसेल इतपतच. तो दिसला की अंड्याचा तुकडा. तो गेला की तुकडेही बंद. पिल्लू खात असेल तर अंतर बरोबर. खायचं थांबलं की आपण फार जवळ आलो, मागे फिरायचं. दिवाळीतल्या फटाक्यांना मात्र असा सराव अचानक होत नाही. त्या रात्री खिडक्या बंद, पंखा-टीव्ही सुरू आणि दिवाणाखालची जागा मोकळी.

"जवळ घेतलं की भीती वाढते" हेही खरं नाही. ते स्वतः येऊन टेकलं तर खुशाल हात फिरवा, डोक्यावरून नव्हे, छातीवर किंवा बाजूनं. भीती हा शिकवलेला खेळ नाही, की शाबासकीनं वाढेल.

गुरगुरण्यावर मात्र कधीच रागावू नका. तो "लांब राहा" असा त्याचा शब्द आहे. तो शब्द मारून बंद केलात, तर पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतील. हलणारी शेपूटही दर वेळी आनंदाची नसते. ताठ, उंच, थरथरती शेपूट सावध करत असते.

नुसत्या दुधावर ठेवू नका, पुष्कळ कुत्र्यांना त्यानं हगवण लागते. भाकरी चालते, सोबत अंडं किंवा मांस हवं; कांदा, लसूण आणि द्राक्षं नकोत. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर देतात. पिल्लू चावलंच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. पोटातल्या 14 इंजेक्शनांचा काळ गेला. आता सुया दंडावर देतात. नसबंदीनं भित्रं कुत्रं धीट होईल, अशी आशा धरू नका. ती करायचीच, पण सहा महिन्यांच्या आत नाही.

शेवटचा समज मला स्वतःलाच सोडायचा होता: लळा लागल्यावर दुसऱ्या घरी देणं म्हणजे त्याला फसवणं. फसवणूक होते ती एका दिवसात उचलून दिल्यानं. रिसोडच्या ज्या घरानं त्याला मागितलं, ती माणसं आधी तीनदा आमच्याकडे आली आणि पाठ करून जमिनीवर बसली. तिसऱ्यांदा त्यानं त्यांच्या हातून अंडं खाल्लं. जाताना त्याची चादर आणि ताटली सोबत दिली, आणि त्यांना सांगितलं, चादर महिनाभर धुऊ नका.