नाणेघाट : वैशाखरे ते जुन्नर, दोन हजार वर्षांची पायवाट

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील वैशाखरे हे गाव आणि पुणे जिल्ह्यातील जुन्नर हे शहर यांच्यामध्ये सह्याद्रीचा उभा कडा आहे. हा कडा चढून कोकणातून देशावर नेणारी पायवाट म्हणजे नाणेघाट होय. किमान दोन हजार वर्षांपासून ही वाट वापरात आहे. आज बहुतेक पर्यटक जुन्नरच्या बाजूने मोटारीने घाटमाथ्यावर येतात, लेणे व दगडी रांजण पाहतात आणि आल्या मार्गाने परततात. या वास्तू रस्त्यासाठी निर्माण झाल्या होत्या. त्या नेमक्या तेथेच का आहेत, हे खालून चालत आलेल्याला सहज उमगते.

वाट येथूनच का गेली?

प्राचीन काळी कल्याण आणि सोपारा ही कोकणातील महत्त्वाची बंदरे होती, तर सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, गोदावरीच्या काठी होती. बंदरात उतरलेला माल राजधानीकडे आणि देशावरचा माल बंदराकडे नेण्यासाठी कडा ओलांडणे भाग होते. सह्याद्रीचा कडा लाव्हाच्या आडव्या थरांनी बनलेला असून तो बहुतेक ठिकाणी भिंतीसारखा सरळ तुटलेला आहे. त्यामुळे जेथे पाण्याने घळ पाडली आहे, तेथूनच वाट काढता येते. नाणेघाटात अशा घळीला माणसाने आकार दिला, पायऱ्या खोदल्या आणि दगड बसवून चढण बांधून काढली. चाकाची गाडी येथून जाणे शक्य नव्हते. माल वाहिला जाई तो माणसांच्या डोक्यावरून आणि जनावरांच्या पाठीवरून.

चढणीची रचना

कल्याणहून मुरबाड, टोकावडे या मार्गाने आल्यावर वैशाखरे गावाजवळ महामार्ग सोडून पायवाट सुरू होते. आरंभीचा भाग झाडीतून आणि पावसाळ्यानंतर कोरड्या पडणाऱ्या ओढ्यांतून जातो. समोर नानाचा अंगठा या नावाने ओळखला जाणारा सुळका सतत दिसत राहतो आणि दिशेचे भान देतो. पुढे वाट डोंगराच्या उतारावर तिरकी वळणे घेत चढते. ओझे घेतलेल्या माणसाला किंवा बैलाला सरळ चढण झेपत नाही. तिरकी वाट लांब पडते, परंतु दम टिकवते. अखेरच्या टप्प्यात मात्र वळणाला जागा उरत नाही आणि दगडी पायऱ्यांची अरुंद घळ सुरू होते. सर्वसाधारण चालणाऱ्यास पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे अडीच ते तीन तास लागतात.

ही शेवटची चढण संपत येते, पाय थकतात आणि सावलीची गरज भासते, तेथेच कातळात खोदलेले लेणे आहे. आत भिंतींलगत बसण्यासाठी दगडी ओटे आहेत. जवळच पाण्याची खोदीव टाकी आहेत. यांतील टाकी काही दानशूरांनी खोदविली, हे तेथील लहान लेखांवरून कळते. त्यांपैकी एक दाता गोविंददास हा सोपाऱ्याचा होता. बंदराच्या गावातील एका माणसाने घाटात वाटसरूंच्या पाण्याची सोय करावी, यावरून या वाटेचे व्यापारातील स्थान ध्यानात येते.

राणीचा लेख

लेण्याच्या दोन बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत मोठा शिलालेख कोरलेला आहे. तो सातवाहन राजा सातकर्णी याची राणी नागनिका हिच्या नावाने प्रसिद्ध असून अभ्यासक तो सामान्यतः इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील मानतात. अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि त्या प्रसंगी दिलेल्या गायी, हत्ती, घोडे व कार्षापण नाणी यांची नोंद त्यात आहे. मागील भिंतीवर एकेकाळी राजकुटुंबातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज त्यांच्या पायांचे अवशेष आणि वर कोरलेली नावे एवढेच उरले आहे. त्या नावांत सिमुक, सातकर्णी आणि नागनिका यांचा समावेश आहे.

दक्षिणेचे आकडे या लेखात अंकचिन्हांनी दिलेले आहेत. भारतातील अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते. दहा, शंभर आणि हजार यांसाठी येथे स्वतंत्र चिन्हे आहेत, शून्याचे चिन्ह नाही. 1828 मध्ये विल्यम साइक्स यांनी या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी त्याचे वाचन केले आणि 1883 मध्ये ब्यूलर यांनी तो प्रसिद्ध केला.

प्रश्न असा की, राजवैभवाची ही नोंद राजधानीत न कोरता आडरानातील घाटात का कोरली? उत्तर वाटेतच आहे. येथून व्यापारी, यात्रेकरू, शिपाई आणि हमाल, सर्वांनाच जावे लागे. विश्रांतीसाठी थांबणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर राजकुळाचे नाव येईल, अशी ही जागा होती.

रांजण आणि जकात

खिंड पार करून माथ्यावर येताच मोठा दगडी रांजण दिसतो. घाट ओलांडणाऱ्यांकडून घेतलेली जकातीची नाणी यात टाकली जात आणि त्यावरूनच नाणेघाट हे नाव पडले, अशी परंपरा आहे. शिलालेखाच्या वाचता येणाऱ्या भागात मात्र यज्ञ आणि दान यांचीच नोंद आहे, जकातीची नाही. रांजणाची कथा परंपरा म्हणूनच स्वीकारावी हे उचित. जकात घेण्यास जागा मात्र सोयीची होती, कारण अरुंद घळीतून वर आलेल्या कोणालाही ती चुकविता आली नसती.

माथ्यावरून जुन्नरकडे

पुढची वाट तुलनेने सपाट आहे. प्रथम घाटघर हे गाव लागते. या परिसरात महादेव कोळी समाजाची वस्ती असून भातशेती आणि हिरड्याचे संकलन ही उपजीविकेची साधने आहेत. शेजारी जीवधन किल्ला उभा आहे. पुढे कुकडी नदीच्या खोऱ्याने चावंड किल्ल्याजवळून सुमारे 30 किलोमीटर अंतरावर जुन्नर येते. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी या किल्ल्यांची साखळी या मार्गावर नजर ठेवून होती. जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत. त्यांतील काही यवन, म्हणजे ग्रीक वंशीय, दात्यांनी दिली, असे तेथील लेख सांगतात. व्यापाराची ही वाट किती दूरवरच्या माणसांना येथे घेऊन आली, याची ती साक्ष होय.

वाट मागे का पडली?

1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. त्यानंतर 1863 मध्ये बोरघाटातून आणि 1865 मध्ये थळघाटातून रेल्वे धावू लागली. अवजड माल तिकडे वळला. पुढे मोटारींची वाहतूक जवळच्या माळशेज घाटातील रस्त्याने होऊ लागली. वैशाखऱ्याजवळून जाणारा कल्याण-अहिल्यानगर महामार्ग (अहिल्यानगर म्हणजे 2024 पूर्वीचे अहमदनगर) हाच तो रस्ता.

आता माथ्यापर्यंत मोटार जाते. पावसाळ्यात वाऱ्याच्या जोराने उलटे उडणारे धबधबे पाहण्यासाठी तेथे मोठी गर्दी होते. कोकणाकडील चढण मात्र गिर्यारोहकांपुरतीच उरली आहे. पायवाट टिकते ती पावलांनी. चालणारे कमी झाले की तिच्यावर गवत माजते, पावसाच्या लोंढ्याने पायऱ्यांचे दगड सुटतात आणि काही वर्षांत ती शोधावी लागते. लेण्यातील अक्षरेही झिजत चालली आहेत, काही ओळी तर आता वाचताही येत नाहीत. त्या भिंतींवर हात फिरविणे किंवा नाव कोरणे म्हणजे उरलेली अक्षरे पुसणे होय.

चालणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या वाटेसाठी उत्तम. पावसाळ्यात ओढ्यांना अचानक पूर येतो आणि पायऱ्या निसरड्या होतात, उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते. पिण्याचे पाणी सोबत घ्यावे, पहाटे निघावे आणि वाट नवी असल्यास गावातील माहीतगार बरोबर असावा. घाटघरहून जुन्नरकडे जाणाऱ्या एसटीच्या फेऱ्या मोजक्याच असल्याने त्यांची वेळ आधी विचारून घ्यावी. शक्य असल्यास प्रवास वैशाखऱ्याहून सुरू करावा. रांजणापर्यंत घाम गाळून पोहोचलेल्यास लेण्यातील ओट्याचे आणि टाक्यातील पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.